अंगणातली वीज आणि पावसाळा
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या सभेत केलेले भाषण)



समोर आंब्याची डाळ आणि पन्हे ठेवलेले असताना विजेच्या पाइपांचा विषय काढणारी मी या मंडळातली पहिलीच बाई असेन. गेल्या वर्षी याच दिवशी कैरीच्या साठवणीवर किती सुरेख भाषण झाले होते! मला सेक्रेटरीबाईंनी विषय दिला तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंत, मी विजेवर काय बोलणार? त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही दुपारी दुकानात बसता, तेच सांगा." तेव्हा जे सांगणार आहे ते पुस्तकातले थोडे आणि गल्ल्यावरचे फार, असे धरून चाला. आमच्या ह्यांचे विजेच्या सामानाचे लहानसे दुकान आहे. हे जेवायला घरी येतात तेव्हा दोन-तीन तास मी दुकान सांभाळते. एकोणीस वर्षांत पाइप, बेंड, बॉक्स हाताखालून गेले ते गेले, पण त्याहून जास्त कळले ते सामान घेऊन गेलेली माणसे पुन्हा काय तक्रार घेऊन आली त्यावरून.

घरातल्या विजेविषयी मी आज बोलणार नाही. घरात भिंत कोरडी असते, छप्पर असते. माझा विषय आहे तो घराबाहेरच्या विजेचा. मागच्या गॅलरीतला दिवा, मोरीजवळचे मशीनचे बटण, गच्चीवरच्या टाकीचा पंप, फाटकावरचा दिवा, तुळशीपाशी लावलेला छोटा बल्ब, ही सारी उघड्यावरची वीज. आणि आपली कोपरी म्हणजे एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीवरून येणारा वारा खारट. गॅलरीच्या गजांना दरवर्षी रंग द्यावा लागतो आणि दोन वर्षांत पुन्हा पापुद्रे निघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. जो वारा जाड गज खातो तो विजेच्या बॉक्सचे नाजूक स्क्रू ठेवील का? त्यात पाऊस. ठाण्याला वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तोही सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. छज्जाखाली आहे म्हणून कोरडे आहे, असे आपल्याकडे धरून चालत नाही.

तसे पाहिले तर पाणी आणि वीज यांचे आपल्याकडे जुने नाते. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले ते लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर साठवलेल्या पावसाच्याच पाण्यावर, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पावसाने वीज आणली, पण तीच वीज पावसात भिजली की जिवावर उठते.

जुन्या चाळींत राहिलेल्या मंडळींना लाकडी पट्ट्यांची वायरिंग आठवत असेल. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यात खोबणी, खोबणीत वायर आणि वर झाकणपट्टी. दिसायला छान, पण पावसाळ्यात लाकूड फुगायचे, वाळवीही लागायची. मग लोखंडी पाइप आले आणि आता बहुतेक सगळीकडे प्लास्टिकचे, म्हणजे पीव्हीसीचे. पाइपाचे काम एकच, वायरीला मार लागू नये, उंदराने कुरतडू नये, उन्हापावसात ती उघडी पडू नये. आणि पाइप सरळ असतो तोवर कुठे फारसे बिघडत नाही. बिघडते ते सांध्यावर. जिथे पाइप वळतो, जिथे दोन पाइप जोडतात, जिथे तो बॉक्समध्ये शिरतो, तिथे पाणी वाट शोधते. म्हणून आज माझे बोलणे सांध्यांचे आहे.

दुकानात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "वहिनी, बाहेर एक दिवा लावायचाय, वायरमनने लिहून दिलेले सामान द्या, आणि जरा स्वस्तातले द्या." मी यादी बाजूला ठेवते आणि तीन गोष्टी विचारते. पाणी कुठून येणार, वरून, बाजूने की खालून? ऊन थेट लागणार का? आणि तिथे कोणाचा हात, बादली, सायकल किंवा मुलांचा चेंडू लागणार का? काही गिऱ्हाइकांना राग येतो. एक गृहस्थ तर म्हणाले, "तुम्ही सामान द्या, चौकशी कशाला?" पण या तीन प्रश्नांची उत्तरे कळल्याशिवाय कोणते सामान द्यावे हे मला खरेच सांगता येत नाही.

पहिल्यांदा पाइप. प्लास्टिकच्या पाइपात हलका, मध्यम आणि जाड असे तीन प्रकार मिळतात. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, हातात घेऊन दाबल्यावर फरक कळतो. हलका पाइप भिंतीच्या आत, प्लॅस्टरखाली चालतो. उघड्यावर मध्यम किंवा जाडच घ्यावा. पाइपावर आयएसआयची खूण आणि आयएस ९५३७ हा आकडा छापलेला आहे का ते पाहावे. हा विजेच्या पाइपांसाठीचा भारतीय मानकाचा आकडा आहे. पाण्याचा पाइप वेगळा, विजेचा वेगळा. नळवाल्याकडे उरलेला तुकडा वायरीसाठी वापरू नये, कारण विजेचा पाइप आग पसरू नये अशा तऱ्हेने बनवलेला असतो. दुसरे म्हणजे ऊन. पांढरा स्वस्त पाइप गच्चीवर काही वर्षे तापला की पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि एक दिवस झाडूचा दांडा लागला तरी तडकतो. थेट उन्हात लावायचा असेल तर उन्हासाठी बनवलेला पाइप मागून घ्यावा, किंवा तो सावलीच्या बाजूने फिरवावा. फिरवायला पैसे लागत नाहीत, फक्त वायरमनला तसे आधी सांगावे लागते.

आणखी एक गंमत सांगते, जी मला फार उशिरा कळली. प्लास्टिक उन्हात वाढते. दहा फुटी पाइप सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात, वीस अंशांचा फरक पडला तर चार मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त होतो. चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही कमी. पण गच्चीवर असे पाच पाइप एका ओळीत असले आणि दोन्ही टोके घट्ट आवळलेली असली तर तो फुगवटा कुठेतरी निघणारच. मग पाइप मधेच वाकतो नाहीतर कपलरमधून निसटतो आणि आपण म्हणतो, कामच वाईट केले. म्हणून पाइप भिंतीला धरणारे सॅडल साधारण दोन-दोन फुटांवर असावे, पण पाइपाला गळफास लावल्यासारखे आवळू नये. शक्यतो खाली ठोकळा असलेले सॅडल घ्यावे, म्हणजे पाइप भिंतीपासून किंचित सुटा राहतो आणि ओल्या भिंतीची ओल त्याला चिकटून राहत नाही. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. लोखंडी स्क्रू खाडीच्या वाऱ्याने गंजतो, फुगतो, भिंतीत अडकतो. पुढच्या वेळी बॉक्स उघडायला आलेला वायरमन छिन्नी मारतो आणि बॉक्स फोडून ठेवतो.

लोखंडी पाइपाला माझा विरोध नाही. जिथे मार लागण्याची भीती आहे, उदाहरणार्थ फाटकाजवळ जिथे रिक्षा वळतात, तिथे जस्त चढवलेला लोखंडी पाइपच बरा. पण त्याच्या दोन अटी आहेत. एक, कापलेल्या तोंडाची धार कानशीने घासून गुळगुळीत केली पाहिजे, नाहीतर वायर ओढताना तिचे आवरण सोलले जाते. दुसरी, पाइपाला अर्थिंग जोडलेच पाहिजे. अर्थिंग नसलेला लोखंडी पाइप प्लास्टिकच्या पाइपाहून धोक्याचा, कारण आत वायर सोलली गेली तर सगळा पाइपच जिवंत होतो. आणि हल्ली सर्रास होणारी गोष्ट म्हणजे पाइप प्लास्टिकचा आणि मध्ये बॉक्स मात्र पत्र्याचा. लोखंडी पाइप असता तर बॉक्सला अर्थिंग पाइपातूनच मिळाले असते. प्लास्टिकच्या पाइपात ते मिळत नाही, म्हणून त्या बॉक्सला हिरवी वायर वेगळी जोडावी लागते. तशी जोडली आहे का, हे कोणी विचारतच नाही. तुम्ही विचारा.

आता बॉक्स आणि सांधे. घरातला जंक्शन बॉक्स म्हणजे गोल डबी, वर झाकण, दोन स्क्रू. तो घरासाठी चांगला. बाहेर लावला तर त्याच्या झाकणाखाली रबराची कड नसते, त्यामुळे आडवा पाऊस सरळ आत जातो. बाहेरच्या बॉक्सवर आयपी म्हणून दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा आकडा ४ असला तर चारही बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांना तो दाद देत नाही. ५ असला तर पाण्याच्या फवाऱ्याला, ६ असला तर जोरदार फवाऱ्याला. ७ असला तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाऊ नये. छज्जाखाली आतल्या बाजूला आयपी ४४ वर भागते. उघड्या गच्चीवर किंवा मोरीपाशी ५५ किंवा ६५ घ्यावा. ६७ सगळीकडे मागायची गरज नाही, उगीच पैसे जातात.

पण हा आकडा डबीचा आहे, तुमच्या कामाचा नाही, हे लक्षात ठेवा. लोणच्याच्या बरणीचे झाकण कितीही घट्ट असले तरी बरणीच्या बुडाला भोक पाडले तर काय उपयोग? आयपी ६५ चा बॉक्स आणला, वायरमनने त्याला वरून ड्रिल मारले, त्यातून वायर घातली आणि भोकाभोवती पांढरा सिमेंट लावला, की तो ६५ राहिला नाही. वायर किंवा पाइप बॉक्समध्ये शिरायला ग्लँड नावाचा तुकडा मिळतो. त्यात रबराची रिंग असते, ती आवळली की वायरीला घट्ट धरते. ग्लँड वायरीच्या जाडीप्रमाणे घ्यावा लागतो. मोठ्या ग्लँडमध्ये बारीक वायर ढिली बसते आणि त्या फटीतून पाणी शिरते. न वापरलेल्या भोकांना बुच लावायचे. आणि मुख्य म्हणजे पाइप बॉक्समध्ये खालच्या बाजूने शिरला पाहिजे. अगदी नाइलाज असला तर बाजूने. वरून कधीही नाही. पाणी पाइपाच्या अंगावरून ओघळत येते आणि जिथे पाइप शिरतो तिथेच तेही शिरते. खालून शिरणाऱ्या पाइपावरून ओघळलेले पाणी जमिनीवर पडते, इतका साधा हिशोब आहे.

उघडी वायर जिथे भिंतीतून घरात जाते तिथे ती आधी थोडी खाली लोंबू द्यावी आणि मग वर घेऊन भोकात घालावी, म्हणजे पाणी त्या लोंबलेल्या खालच्या टोकावरून टपकून जाते. भिंतीतले भोकसुद्धा बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. आमच्या ओळखीच्या एका तीन मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काहीच झाले नाही, पण तळमजल्याच्या मीटरच्या फळीत पाणी येत होते. लोकांनी भिंतीला गिलावा केला, रंग दिला, तरी पाणी येतच होते. शेवटी कळले की गच्चीवर पुढेमागे वायर टाकायला म्हणून एक रिकामा पाइप आभाळाकडे तोंड करून सोडला होता. तो पाइप पन्हाळीसारखा पावसाचे पाणी तीन मजले खाली, सरळ मीटरपाशी आणून सोडत होता. वर दोन रुपयांचे बुच नव्हते, किंवा पाइपाचे तोंड खाली वळवणारा एक बेंड नव्हता.

आता एक गोष्ट अशी आहे की जी ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई स्वतःचेच बोलणे खोडते आहे. सगळे सांधे सोल्यूशनने चिकटवले, झाकणे घट्ट केली, तरी पाइपात पाणी सापडते. हे पाणी बाहेरून येत नाही. भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढले की आतून पाणी टपकते, थंड पाण्याचा पेला बाहेरून भिजतो, तसेच हे. पाइपात हवा असते, पावसाळ्यात ती दमट असते, रात्री पाइप गार पडला की त्या हवेतली वाफ आतून पाण्याचे थेंब होऊन बसते. रोज थोडे थोडे करून ते पाणी पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी साठते. म्हणून बाहेरच्या लांब पाइपाच्या सर्वांत खालच्या बॉक्सला तळाशी एक लहान भोक ठेवतात, पाणी निचरून जाण्यासाठी. वरून, बाजूने बंद आणि खाली निचरा, अशी ती रचना. आपण कुंडीला तळाशी भोक ठेवतोच ना? मात्र पंपाचे बटण असलेल्या बॉक्सला असे भोक आपण आपल्या मनाने पाडायचे नाही. त्याला पाइप खालून घ्यायचा, वर छत्रीसारखा पत्रा द्यायचा आणि निचऱ्याचे भोक त्याच्या खालच्या जंक्शन बॉक्सला ठेवायचे. आणि बाहेरच्या पाइपात पाणी कधीतरी येणारच असे धरून वायरीचा जोड पाइपाच्या आत कधीही ठेवायचा नाही. जोड फक्त बॉक्समध्ये, आणि तोही चिकटपट्टी गुंडाळून नव्हे, कनेक्टर घालून. चिकटपट्टी एका पावसाळ्यात सुटते, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते. ज्यांनी आमच्याकडून नुसती पट्टी नेली ते बहुतेक सगळे पुढच्या आषाढात परत आले.

पंपाविषयी एक शब्द. पंप चालू असताना थरथरतो, म्हणून कडक पाइप थेट पंपापर्यंत नेत नाहीत. शेवटचा हात-दीड हात वळणारा पाइप लावतात. पण हा वळणारा पाइप घरातला नागमोडी पांढरा घेऊ नये, तो उन्हात तडकतो आणि त्याची टोके नुसती खोचलेली असतात. आतून पत्रा आणि वरून प्लास्टिकचे आवरण असलेला मिळतो, तो दोन्ही टोकांना ग्लँड लावून बसवावा. महाग आहे, पण लागतो हातभरच.

एवढे सगळे मी आज का सांगते आहे, ते आता सांगते. आपल्या मंडळाच्या खोलीमागे मोरी आहे, पाण्याची टाकी आहे आणि पंप आहे. पापडाच्या आणि मसाल्याच्या दिवसांत आपली भांडी तिथेच घासली जातात. गेल्या श्रावणात भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या की नळाला हात लावला की मुंग्या येतात. त्यांना दोन दिवस कोणी मनावर घेतले नाही. एकीने तर म्हटले, मावशींना वातच आहे. तिसऱ्या दिवशी त्या मला येऊन म्हणाल्या, "ताई, वाताच्या मुंग्या पंप बंद केल्यावर थांबतात का?" या प्रश्नाला उत्तरच नव्हते. मी लगेच मेन स्विच बंद करून ठेवला आणि वायरमनला बोलावले.

त्याने बॉक्स उघडला तर आत पाणी होते. घरातला साधा जंक्शन बॉक्स बाहेर लावलेला, पाइप वरून शिरलेला, आत चिकटपट्टीचा जोड. पंपाची हिरवी वायर भिंत रंगवताना कोणीतरी तोडून टाकलेली. ओल्या जोडातून करंट पंपाच्या अंगात उतरत होता, पंपाला लोखंडी नळ जोडलेला, आणि नळाखाली ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या मावशी. कोरड्या जागी चप्पल घालून उभी असलेली बाई कदाचित काही समजलीही नसती. ओल्या अंगातून वीज कितीतरी सहज वाहते.

तुम्ही विचाराल, मग फळीवरचे बटण, ते एमसीबी, पडले का नाही? ते पडत नाही. सोळा अँपिअरचे एमसीबी वायर तापू नये म्हणून असते, माणसासाठी नसते. जुना शंभर वॅटचा बल्ब जेवढा करंट घेई त्याच्या चौदाव्या हिश्शाइतका करंटसुद्धा माणसाच्या जिवाला धोक्याचा ठरू शकतो, आणि एमसीबीला तो दिसतही नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते, आपल्याकडचे वायरमन त्यालाही जुन्या नावाने ईएलसीबीच म्हणतात. त्याचे काम दूधवाल्याच्या हिशोबासारखे. एका वायरीने जेवढा करंट गेला तेवढाच दुसरीने परत आला पाहिजे. कमी आला तर मधे कुठेतरी गळती आहे, आणि ते क्षणार्धात बंद करते. माणसाच्या संरक्षणासाठी तीस मिलिअँपिअरचे घ्यायचे, तसा आकडा त्यावर छापलेला असतो. शंभर किंवा तीनशेचे मिळते, ते या कामाचे नाही. त्यावर टी लिहिलेले एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. आमच्याकडे संकष्टीला दाबतात, म्हणजे विसरत नाही! आणि हे लावले म्हणून अर्थिंग नको असे समजू नये. अर्थिंग नीट असले तर गळती सुरू होताच उपकरण पडते. अर्थिंग नसले तर कोणीतरी हात लावल्यावर पडते. यातला फरक मावशींना विचारा.

तात्पुरते काम म्हणून तेव्हा वायरमनने जोड कोरडा करून कनेक्टर घातला, हिरवी वायर जोडली आणि सांगून गेला की हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठीक आहे, नंतरची जबाबदारी मी घेणार नाही. तो पुढचा पावसाळा आता दीड-पावणेदोन महिन्यांवर आला आहे. मृग काही आपली बैठक कधी आहे हे विचारून निघत नाही.

कार्यकारिणीपुढे दोन अंदाज आले आहेत. एकात बॉक्सला वरून प्लास्टिकची पिशवी बांधून चिकटपट्टी मारायची, खर्च जवळजवळ काही नाही. दुसऱ्यात मोरीपर्यंतचा पाइप जाड घालायचा, आयपी ६५ चे दोन बॉक्स, ग्लँड, वळणारा पाइप, तीस मिलिअँपिअरचे आरसीसीबी आणि अर्थिंग तपासणी. हा खर्च आपण स्नेहसंमेलनाच्या पडद्यासाठी वर्षभर साठवलेल्या पैशांच्या जवळपास जातो. पडदा जुना झाला आहे हे मलाही दिसते, गेल्या वर्षी नाटकात तो अर्ध्यावर अडकला तेव्हा मीच आत उभी होते. पण पिशवीविषयी माझे मत स्पष्ट आहे. पिशवी पावसाचे पाणी थोडे अडवील आणि आतली वाफ सगळी कोंडून ठेवील. पिशवी बांधलेला बॉक्स उघडाल तेव्हा आतल्या स्क्रूंवर हिरवा थर आलेला दिसेल. सामान आमच्याच दुकानातून घ्यावे असा माझा मुळीच आग्रह नाही. उलट मी असे सुचवते की ते दुसऱ्या दुकानातून घ्यावे, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही. मला फक्त बॉक्सवरचे आकडे पाहू द्या. आणि काम परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, कायद्याची अटच तशी आहे. परवाना दाखवा म्हणायला आपण लाजतो, पण त्यात त्याचा अपमान नाही.

घरोघरी पाहण्यासारख्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. कपडे वाळत घालायची लोखंडी तार आधी काढून टाका. गॅलरीत एक टोक खिळ्याला आणि दुसरे विजेच्या पाइपाला बांधलेली तार मी कितीतरी घरांत पाहते. पाइप फुटला, वायर सोलली, तार तिला टेकली, आणि ओला टॉवेल टाकायला गेलेल्या बाईला कळतसुद्धा नाही. नायलॉनची दोरी बांधा आणि तीही विजेच्या पाइपाला नको. गणपतीत आणि दिवाळीत माळांचे जोड गॅलरीच्या लोखंडी गजांवर टाकू नका. आकाशकंदिलाची वायर दारातून दाबून नेऊ नका.

आणि पाणी भरले तर. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आपल्या बाजूलाही काय हाल झाले ते ज्यांनी पाहिले त्या विसरणार नाहीत. पाणी घरात शिरू लागले की आपण आधी गाद्या उचलतो, धान्याचे डबे उचलतो. त्याआधी मेन स्विच बंद करायचा, तोही आपण कोरड्यात उभ्या असू तरच. पाणी फळीपर्यंत आले असेल तर तिकडे जायचेच नाही, महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवून बाहेरून वीज बंद करून घ्यायची. कोणी चिकटले तर त्याला हाताने ओढायला धावू नका, आई असलात तरीसुद्धा. आधी बटण. बटण सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने, कोरड्या काठीने वायर दूर करायची.

पडद्याचा आणि मोरीच्या कामाचा विषय येत्या शनिवारच्या बैठकीत मतांना टाकला जाणार आहे. त्या बैठकीला मावशींनाही बोलवावे अशी मी अध्यक्षबाईंना विनंती करते, कारण त्या नळाला रोज हात लावणाऱ्या त्याच आहेत. त्यानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता वायरमन येथे येणार आहे. ज्यांना आपल्या गॅलरीचे किंवा गच्चीचे काम त्याच्याकडून पाहून घ्यायचे असेल त्यांनी आपले नाव आणि खोलीचा क्रमांक सेक्रेटरीबाईंच्या वहीत आजच लिहून द्यावा. पाहण्याचे तो काही घेणार नाही.